शिक्का मारल्यानंतरची सुबक मांडणी

भाईंदर पूर्वेच्या ज्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये मी बावीस वर्षं नोकरी केली, तिथे आमच्या गाळ्याच्या बरोबर खाली स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करायचा कारखाना होता. त्यामुळे आमच्या कीबोर्डांवर कायम एक काळपट, चमकदार धूळ असायची. घरी जाऊन नाक शिंकरलं की रुमालावर डबे-पातेल्यांचा अंश यायचा. शेजारच्या गाळ्यात खोटे दागिने बनत. आमच्या गाळ्यात आम्ही दहाबारा माणसं एक्सएमएल बनवायचो. खाली काय बनतं ते रस्त्यावरच्या कुणालाही कळायचं, शेजारी काय बनतं ते बायकांना पाठ होतं, पण आम्ही काय बनवतो ते इस्टेटच्या वॉचमनला शेवटपर्यंत कळलं नाही. तो आम्हाला झेरॉक्सवाले म्हणायचा आणि दर दिवाळीला आमच्याकडून हक्काने दोन रिकामी खोकी घेऊन जायचा.

घरी तरी काय वेगळं होतं? आम्ही भाईंदरचे जुने कोळी. आई बाजारात मासे विकायची. एकदा तिने विचारलं, "दिसभर त्या खोक्यासमोर बसून करतंस तरी काय गो? मना तं काय कलत न्हाय."

मी म्हटलं, "तू पाटीत बोंबील ओळीने लावतेस की ढीग घालतेस?"

"गिऱ्हाईक बगून."

"माझंही तेच काम. माहिती तीच असते, गिऱ्हाईक बघून मांडायची."

आई म्हणाली, "मंग त्याला येवरं शिकाला कशाला लागतंय?"

या प्रश्नाचं उत्तर मला निवृत्त होईपर्यंत सापडलं नाही.

आता दिवाळी अंकासाठी लिहायला बसलेच आहे तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. या हकिकतीत उत्तम सावळे नावाच्या माणसाची नोकरी जाते. ती का गेली हे त्या वेळी दोनच माणसांना माहीत होतं, एक तो आणि दुसरी मी. मधे हसायला येईल असंही पुष्कळ सांगणार आहे, कारण आमच्या धंद्यात हसण्यासारखं पुष्कळ होतं. पण लिहायला बसले ती उत्तमसाठी, हे वाचणाऱ्याने विसरू नये.

तर आमचा धंदा. एक्सएमएल म्हणजे माहितीच्या प्रत्येक तुकड्याला आगेमागे लेबलं लावणं. नावाच्या आधी 'इथे नाव सुरू', नावानंतर 'इथे नाव संपलं', मग गाव सुरू, गाव संपलं, असं. माणसाला वाचताना वेड लागेल, पण मशीनला फार आवडतं. मशीनच्या पोटात ही माहिती एखाद्या झाडासारखी असते, एक खोड, त्याला फांद्या, फांद्यांना डहाळ्या. तिथे ओळ नसते, समास नसतो, पान नसतं. ती दुसऱ्या कुणाला द्यायची म्हणजे मजकूर म्हणून लिहून काढावी लागते. याला शिकलेली माणसं सिरियलायझेशन म्हणतात. आम्ही 'फाइल उतरवणं' म्हणायचो.

उतरवताना कशी उतरवायची याचे पर्याय असतात. सगळा मजकूर सलग एका ओळीत उतरवायचा, की प्रत्येक फांदी नव्या ओळीवर घेऊन थोडी आत सरकवायची? या दुसऱ्या प्रकाराला आमच्याकडे 'सुबक' म्हणायचे. सुरुवातीला 'मी एक्सएमएल आहे, माझी लिपी अमुक' अशी ओळख करून देणारी ओळ ठेवायची की गाळायची? रिकामा रकाना दोन लेबलांनी उघडून बंद करायचा की एकाच लेबलात मिटवून टाकायचा? मूळ मजकुरातल्या मोकळ्या जागा जपायच्या की झाडून काढायच्या? स्क्रीनवर अशा आठदहा चौकटी असायच्या. हवं तिथे टिचकी मारायची आणि फाइल उतरवायची. यातली कुठलीही चौकट चुकली तरी माहिती तीच राहते, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. पुस्तकं लिहिणाऱ्यांनी आमची गिऱ्हाइकं पाहिली नव्हती.

आमचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक होतं एक सरकारी खातं. कुठलं ते सांगत नाही. परवानाधारकांच्या याद्या कागदावरून मशीनमध्ये आणायचं काम आम्हाला मिळालं होतं. पहिली यादी आम्ही सलग उतरवून पाठवली, कारण सलग फाइल आटोपशीर असते आणि मशीनला ओळींचं काही कौतुक नसतं. आठवड्याने पत्र आलं. ते मी जपून ठेवायला हवं होतं. त्यात लिहिलं होतं, 'सदर दस्तऐवजाचे अवलोकन केले असता त्यात केवळ एकच ओळ असल्याचे आढळून येते. उर्वरित ओळी कोठे आहेत याबाबत आपला लेखी खुलासा तीन दिवसांत सादर करावा.'

आमचे मालक हसमुखभाई घाबरून गेले. त्यांचा आधीचा धंदा प्लास्टिकच्या बादल्यांचा. बादलीबद्दल कुणी खुलासा मागितला नव्हता. मला म्हणाले, "सुलभाबेन, एक लाइन क्यूं भेजा? ज्यादा भेजो ने!"

मग मी खात्यात गेले. कक्ष अधिकारी साहेब हसतमुख आणि अतिशय टापटिपीचे. टेबलावर एक स्टीलची फूटपट्टी. मी समजावून सांगितलं की ओळी असल्या-नसल्याने माहितीत काही फरक पडत नाही. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाई, एका ओळीवर मी सही कुठे करू?"

तेव्हा मला खात्याची रीत कळली. तिथे प्रत्येक एक्सएमएल फाइल कागदावर छापली जायची, प्रत्येक पानावर साहेबांची सही व्हायची, मग ते बाड दोरीने बांधून कपाटात जायचं आणि त्यानंतरच खरी फाइल वरच्या कार्यालयाला मशीनवरून पाठवायची परवानगी मिळायची. मशीनने मशीनला काय सांगावं हे कागदावर सही झाल्याशिवाय ठरत नसे. म्हणून त्यांच्यासाठी आम्ही खास छपाईचा प्रोग्राम बनवला. फाइल कशीही असो, सलग असो की सुबक, हा प्रोग्राम ती कागदावर नीट ओळींत, आत सरकवून छापायचा.

आत किती सरकवायची, यावर बैठक झाली. साहेबांचं म्हणणं चार अक्षरांइतकी जागा हवी, त्यांच्या हाताखालच्या बाईंचं म्हणणं दोन पुरे, कागद वाचेल. दीड तास चर्चा झाली, दोनदा चहा झाला. शेवटी दोघांचा मान राखून तीन ठरली. जगात एक्सएमएल एक तर दोन जागांनी सरकतं, नाही तर चार. तीन जागांनी सरकणारं फक्त भाईंदरला छापलं जायचं. साहेब फूटपट्टी लावून एकेक पान तपासायचे आणि समास हलला असेल तर लाल शाईने गोल करायचे. त्या गोलांपायी आमच्या नाकी नऊ आले, पण माणूस कामात चोख होता हे मान्य करायला हवं.

सगळीच गिऱ्हाइकं सरकारी नव्हती. मीरा रोडच्या एका वधूवर सूचक मंडळाच्या काकांनी आपल्या वह्या आमच्याकडे दिल्या होत्या. ज्या रकान्यात माहिती नाही तो आम्ही एका लेबलात मिटवून टाकला. काकांनी ते पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "रिकामं ठेवू नका हो. लग्नाच्या कामात रिकामं काही बरं दिसत नाही." आम्ही म्हटलं, मग दोन लेबलं लावून उघडं ठेवतो. ते म्हणाले, उघडं तर मुळीच नको. शेवटी त्यांच्याच आग्रहावरून प्रत्येक रिकाम्या रकान्यात 'नाही' असा शब्द भरायचं ठरलं. आम्ही एक टिचकी मारली आणि सगळीकडे 'नाही' भरलं गेलं.

पंधरा दिवसांनी चेणे गावाहून एक गृहस्थ दोन बस बदलून आमचा जिना चढून आले. घाम पुसत उभे राहिले आणि म्हणाले, "मी मेलो असं कुनी लिवलं?" त्यांच्या मुलीच्या माहितीत वडिलांचं नाव भरायचं राहिलं होतं, तिथे आता 'वडील : नाही' असं छापलं गेलं होतं. स्थळं येऊन सांत्वन करून जात होती. मी त्यांना पाणी दिलं, खुर्ची दिली, दुरुस्तीचं वचन दिलं. ते बसेनात. म्हणाले, "बाई, तुमी आधी लिवा, मी हाय." मी त्यांच्या समोर टाइप केलं, तेव्हा ते बसले. त्याच यादीत 'अपेक्षा : नाही' असं लिहिलेल्या मुलींना मात्र भराभर स्थळं आली, त्याबद्दल कुणी तक्रार केली नाही.

आता उत्तम.

उत्तम सावळे माझ्यापेक्षा दहाबारा वर्षांनी लहान. त्याचे वडील मराठवाड्यातून आलेले, मीरा रोडला एका सोसायटीत वॉचमन. राहायला पेणकरपाड्यात. घरात खुर्चीवर बसून नोकरी करणारा हा पहिला. आमच्याकडे तो तपासनीस होता. बाहेर जाणारी प्रत्येक फाइल त्याच्या नजरेखालून जायची आणि शेवटी तोच तिच्यावर शिक्का मारायचा. हे सगळं तो एका निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत लिहून ठेवायचा. कुठली फाइल, किती वाजता, कुठल्या चौकटीत टिचकी, कुठल्या चौकटीत नाही. आम्ही त्याची चेष्टा करायचो. मशीन स्वतःच सगळी नोंद ठेवत असताना हा वहीत काय उतरवत बसतो? तो म्हणायचा, "ताई, मशीनचं कोण वाचतोय? वही सगळे वाचतात." खात्याचा स्वभाव त्याने आमच्याआधी ओळखला होता.

शिक्का म्हणजे डिजिटल सही. मशीन फाइलमधलं एकूण एक अक्षर, प्रत्येक मोकळी जागा, प्रत्येक ओळीचा शेवट धरून एक लांबलचक आकडा काढतं आणि फाइलला जोडून देतं. पलीकडचं मशीन तोच आकडा पुन्हा काढून बघतं. जुळला तर फाइलला वाटेत कुणी हात लावला नाही हे सिद्ध होतं. एक मोकळी जागा जरी वाढली तरी आकडा पार बदलतो आणि फाइल परत येते. म्हणून आमच्या धंद्यातला एकच कडक नियम असा की मांडणी, लिपी, रिकामे रकाने, जो काय शृंगार करायचा तो शिक्क्याच्या आधी. शिक्क्यानंतर फाइल बघायची, पण जतन करायची नाही.

उत्तम सहा वर्षं कंत्राटावर होता. कायमची नेमणूक देतो असं हसमुखभाई दर दिवाळीला म्हणायचे. त्या वर्षी मात्र त्यांनी खरंच पत्र टाइप करून घेतलं होतं. मीच टाइप केलं होतं. फक्त सही बाकी होती आणि ते त्यांच्या ड्रॉवरमध्ये होतं. उत्तमला हे कळलं होतं, कारण आमच्या ऑफिसात काही लपत नसे. त्याने घरी सांगितलं होतं. त्याचे वडील रोज ड्युटीवरून आले की विचारायचे, कागद आला का.

आणि त्याच आठवड्यात खात्याची मोठी यादी निघाली.

उत्तमने सकाळी फाइल तपासली, सलग उतरवली, दुपारी शिक्का मारला आणि जेवायला गेला. मी जागेवरच होते. साहेबांचा फोन आला. त्यांना यादी लगेच बघायची होती, पण छपाईच्या खोलीची किल्ली ज्या शिपायाकडे असते तो रजेवर गेला होता आणि जाताना किल्ली घेऊन गेला होता. साहेब म्हणाले, "माझ्या कॉम्प्युटरवर उघडेल अशी पाठवा. आणि बाई, ओळी असू द्या."

मी उत्तमच्या फोल्डरमधली फाइल उघडली, 'सुबक'च्या चौकटीत टिचकी मारली, तीन जागा दिल्या आणि जतन केली. नवीन नाव देऊन वेगळी प्रत करायला हवी होती. दोन सेकंदांचं काम. पण डब्यातलं जेवण गार होत होतं आणि साहेब फोनवर थांबले होते. मी त्याच नावाने, त्याच जागी जतन केली आणि साहेबांना पाठवून दिली. वरची मुदत त्याच दिवशी संपत असल्यामुळे कागदावरच्या सह्या किल्ली आल्यावर करायचं साहेबांनी एका वेळेपुरतं मान्य केलं आणि संध्याकाळी तीच फाइल वरच्या कार्यालयाला गेली.

दुसऱ्या दिवशी ती परत आली. शिक्का जुळत नाही.

मी पहिलं काय केलं असेल तर फाइलचं आकारमान बघितलं. फाइल चांगलीच फुगली होती. तेवढ्यावरून मला सगळं कळलं आणि माझी पाचावर धारण बसली. उत्तम माझ्यामागे दोन खुर्च्या सोडून बसला होता. त्यानेही तेच बघितलं असणार. त्याने मशीनची नोंद चाळली, मग तो वही उघडून काहीतरी लिहीत राहिला.

दोन दिवसांनी चौकशी. साहेबांच्या खोलीत साहेब, हसमुखभाई, उत्तम आणि मी. शिपाई किल्लीसकट रजेवरून परत आला होता, त्यामुळे साहेबांनी दोन्ही फायली छापून घेतल्या होत्या. उत्तमने शिक्का मारताच वेगळी राखून ठेवलेली मूळ फाइल आणि परत आलेली फाइल. दोन बाडं टेबलावर शेजारी शेजारी, मधे ती फूटपट्टी.

"मी दोन्ही प्रती स्वतः तपासल्या आहेत," साहेब म्हणाले. "पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तंतोतंत सारख्या आहेत. म्हणजे यादीत दोष नाही. मग दोष शिक्क्यात आहे. शिक्का कोणी मारला?"

"मी मारला साहेब," उत्तम म्हणाला. "पण या कागदांवर काही दिसणार नाही. छपाईचा प्रोग्राम दोन्ही फायली सारख्याच मांडतोय. मूळ फायली उघडा आणि त्यातल्या मोकळ्या जागा मोजा. शिक्क्यानंतर त्या वाढल्यात."

"मोकळ्या जागा?"

"हो साहेब."

"मोकळ्या जागेत काय लिहिलेलं असतं?"

"काही नाही साहेब."

"मग जिथे काही लिहिलेलंच नाही त्याची चौकशी मी कशाच्या आधारे करू?" साहेबांना खरंच मार्ग हवा होता. ते कपटी नव्हते. "मोकळी जागा मोजण्याची आमच्याकडे तरतूद नाही. तुमच्याकडे काही लेखी पुरावा आहे का?"

उत्तमचा हात निळ्या वहीवर होता. ती त्याने बरोबर आणली होती. मला वाटलं, आता उघडेल. त्यात माझं नाव असणार हे मला माहीत होतं. मी त्या वहीकडे बघत राहिले आणि मनात एकीकडे प्रार्थना करत होते की उघडू नये, आणि एकीकडे वाटत होतं की उघडावी, म्हणजे सुटका होईल. उत्तम माझ्याकडे बघत होता. वहीवरचा हात त्याने हलवला नाही. भिंतीवरच्या पंख्याने वरचं पान उडालं, साहेबांनी त्यावर फूटपट्टी ठेवली. हसमुखभाई रुमालाने मान पुसत होते. मी मूग गिळून बसले.

मग साहेबांनी घड्याळात बघितलं आणि जेवणाची सुट्टी झाली.

बाहेर पॅसेजमध्ये हसमुखभाई माझ्याजवळ आले. "सुलभाबेन, आदमी अच्छा है, मेरेकू मालूम है. लेकिन साहेब को एक नाम लिखने का है. परमनंट का नाम लिखेंगे तो इन्क्वायरी, नोटीस, कितना कागज! कॉन्ट्रॅक्टवाले का एक पन्ने में हो जाता है." त्यांनी मला 'तुम्हाला काय वाटतं' असंही विचारलं. मी म्हटलं, तुम्ही मालक आहात, तुम्ही ठरवा. हे वाक्य मी किती साळसूदपणे बोलले ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो. मी कायम होते. मला बोलणी बसली असती, फार तर लेखी समज मिळाली असती, एखादी वेतनवाढ लांबली असती. माझी नोकरी जाणार नव्हती आणि हे मला तिथे उभं असतानाच माहीत होतं.

उत्तमचं कंत्राट त्या महिनाअखेर संपलं. नवीन केलं नाही, एवढंच. काढलं असं कुठेही लिहिलेलं नाही. ड्रॉवरमधलं पत्र हसमुखभाईंनी मला फाडायला दिलं, कारण मी टाइप केलं होतं. यादी मी उत्तमच्याच मूळ प्रतीवरून पुन्हा पाठवली, ती पहिल्या झटक्यात स्वीकारली गेली. हसमुखभाई म्हणाले, देखा, सुलभाबेन के हाथ में जादू है. त्यानंतर मी एक पाटी छापून भिंतीवर लावली, 'शिक्का मारल्यानंतर फाइल सुबक करू नये'. नवीन येणाऱ्या माणसांना मी ती पाटी दाखवून हा नियम फार तळमळीने शिकवायचे. सगळे म्हणायचे, मॅडम शिस्तीच्या आहेत. निरोप समारंभात माझ्या शिस्तीवर दोन भाषणं झाली आणि मला खालच्या कारखान्यातलाच एक स्टीलचा डबा मिळाला.

निवृत्तीनंतर आईच्या ओळखपत्रातली जन्मतारीख दुरुस्त करायची होती. तिथे तिचं वय माझ्यापेक्षा चार वर्षांनी कमी लागलं होतं. कुणी सांगितलं पेणकरपाड्यात एक जण ऑनलाइन फॉर्म नीट भरून देतो, त्याच्याकडचा फॉर्म कधी परत येत नाही. गेले. चिंचोळं दुकान, बाहेर बाकावर चारपाच बायका, आत काउंटरवर उत्तम. केस पांढरे झाले होते. मला बघून उभा राहिला. "या ताई, बसा."

त्याने आईचा फॉर्म भरला. प्रत्येक रकाना दोनदा वाचला. मी पैसे काढले, त्याने घेतले, सुट्टे परत दिले. मग मला राहवलं नाही. म्हटलं, "उत्तम, त्या यादीचं..."

"माहितीये मला." त्याने खालच्या कप्प्यातून निळी वही काढली. पान शोधावं लागलं नाही. त्याच्या गोल अक्षरात वेळेसकट लिहिलं होतं. शिक्का मारला, सुबक बंद. आणि खालच्या ओळीत, सुलभाताईंच्या मशीनवर उघडली, सुबक चालू, जतन केली.

"ही तेव्हा उघडली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल असं वाटत होतं." तो वही मिटत म्हणाला. "मी दाखवली असती तर मी तुमच्यावर ढकलतोय असं झालं असतं. कॉन्ट्रॅक्टवाला परमनंटवर ढकलतोय. तुम्ही बोलला असता तर प्रश्नच नव्हता. म्हणून थांबलो. मग साहेब जेवायला गेले."

मी विचारलं, "वडील कसे आहेत?"

"गेले. कागद आला का म्हणून दोन वर्षं विचारत होते. मग विचारायचे थांबले." त्याने आईच्या फॉर्मची पावती छापली आणि माझ्या हातात दिली. मी रडले. बाकावरच्या बायका आत डोकावायला लागल्या तेव्हा त्याने मला पाणी दिलं.

हा लेख लिहून झाल्यावर मी तो पहिल्यांदा त्याच्याकडे नेला. त्याचं नाव घालू की नको, हे विचारायचं होतं. तो म्हणाला, घाला. मग त्याने पेन घेतलं आणि सवयीने तपासायला बसला. शिपायाच्या रजेचं बरोबर आहे म्हणाला. साहेबांनी चहा एकदाच मागवला असेल असं त्याला वाटत होतं, पण मी दोनदावर ठाम राहिले. चेण्याच्या गृहस्थांपाशी तो हसला. शेवटच्या पानावर त्याचं पेन थांबलं.

"इथे तुम्ही लिहिलंय, माझ्या हातून एक चूक झाली आणि उत्तमची नोकरी गेली."

"मग?"

"चूक फाइल जतन करताना झाली. ती कुणाच्याही हातून झाली असती, माझ्याही. तेवढ्याने माझी नोकरी गेली नाही ताई. साहेबांच्या खोलीत तुम्ही बसला होतात तेव्हा तुम्हाला सगळं माहीत होतं."

त्याने पेन माझ्यापुढे केलं. मी त्याच्या काउंटरवरच ते वाक्य खोडलं आणि लिहिलं, 'साहेबांच्या खोलीत मी गप्प बसायचं ठरवलं आणि उत्तम सावळेची नोकरी घालवली.' त्याने ते दोनदा वाचलं, समासात बरोबरची खूण केली, आणि बाहेर थांबलेल्या बाईंना आत बोलावलं.